विशेमामांचा मुका कंप्युटर

माझ्या दुकानात लोक कंप्युटर बघायला येतात. विशेमामा ऐकायला आले होते.

शहापूरच्या एस.टी. स्टँडपासून चार पावलांवर माझं दुकान. कंप्युटर विकतो, दुरुस्त करतो. पूर्वी माळ्यावर क्लास घ्यायचो, म्हणून अर्धा तालुका मला अजून मास्तर म्हणतो. गिऱ्हाईक काय मागणार हे मला ते पायरी चढतानाच कळतं, असा माझा जुना गैरसमज होता. त्या दिवशी, गणपती तोंडावर आले असताना, दारात एक सत्तरीचा काटकुळा माणूस उभा राहिला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि काखेत छत्री असावी तसा हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर.

“मिक्सरवाला पुढच्या गाळ्यात,” मी स्क्रू ड्रायव्हरकडे बघून म्हणालो.

“मला कंप्युटरच पायजे. आवाज न करनारा हाय का?”

मी सवयीने म्हणालो, आमचा कुठलाच आवाज करत नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मंग सगळे चालू करा. आनि तो वरचा पंखा बंद करा जरा.”

का कोण जाणे, मी केलं. मामांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक पहिल्या कंप्युटरच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. एक झाला, दुसरा झाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बोलायची थांबली. पाचही ऐकून झाल्यावर ते माझ्या गल्ल्याशेजारच्या जुन्या कंप्युटरकडे वळले. तो विकायचा नाही म्हटलं, तरी ऐकलाच.

“ह्याचा पंखा दिवाळी बघत नाय,” ते म्हणाले.

मी हसलो. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तो पंखा ऐन गर्दीत करकरला आणि बसला. त्यानंतर मी विशेमामांना हसलो नाही. म्हणजे तोंडावर तरी नाही.

मामा शेणवे गावचे. घरची थोडी भातशेती, पण आयुष्य गेलं धरणाच्या पाण्यावर. पंप ऑपरेटर होते. माणसाएवढे पंप, त्यांची घरघर, आणि दर तासाला लॉगबुकात नोंद. त्यांच्या उमेदीच्या काळात पंपाचं दुखणं सांगणारी यंत्रं नव्हती. स्क्रू ड्रायव्हर लावायचा आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि काय हवं विचारलं, तर मामांनी तो स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला.

ती सवय मग सुटली नाही. जिथे जातील तिथे ऐकत. एकदा शहापूरहून किन्हवलीच्या एस.टी.त चढताना त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, “भाऊ, तुमचा पट्टा सुटायला आलाय.” ड्रायव्हरने आधी स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि मग तो भडकला. गाडी शेणव्याच्या अलीकडे उभी राहिली तेव्हा मामा खाली उतरून इंजिनाचा तुटलेला पट्टा कुतूहलाने हातात घेऊन बघत होते. “मी बोल्लो होतो” असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांना बरोबर ठरण्यात गंमत वाटत नसे, आवाज कुठून येतो हे कळण्यात वाटे. त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, “का पन?” मी काहीही सांगितलं की ते मान डोलावत आणि मग हळूच विचारत, “का पन?” चिडून नव्हे. खरंच जाणून घ्यायचं असे. मला मात्र तो प्रश्न दाताखाली खडा आल्यासारखा लागायचा, कारण निम्म्या वेळा मलाच माहीत नसे.

मुका कंप्युटर कशाला हवाय, ते त्यांनी तिसऱ्या खेपेला सांगितलं. त्या खेपेला यमुनामामी सोबत होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, कानात नवीन यंत्र. मी त्यांना काहीतरी विचारलं, तर त्या मामांकडे बघून म्हणाल्या, “हे काय बोलतात? मला तो पंखाच आयकू येतो.”

“मशीन घातल्यापासून तिला सगळं सारखंच मोठं येतं,” मामा म्हणाले. “मानूस नि पंखा यांत ते मशीन फरक करीत नाय. पंखा सारखा बोलत राहतो, मानूस थांबून थांबून बोलतो. मंग पंखाच जिंकतो.”

मामी बाहेर भाजी घ्यायला गेल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. कल्याणच्या कानाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की उरलंसुरलं ऐकणंही जाणार. वर्ष, फार तर दीड. मशीनही मग उपयोगाचं नाही.

आणि मामींचे अठरा सिनेमे अर्धे राहिले होते.

त्याचं असं होतं. लग्नानंतरची बरीच वर्षं मामींना सिनेमाचं वेड. म्हसा गावच्या जत्रेत तंबू लागायचा, कधी मुरबाडला, कधी शहापूरला कुणाच्या तरी टेंपोतून जाणं व्हायचं. पण मामांची पाळी असायची. मध्यंतर झालं की मामा घड्याळ बघत आणि दोघं उठत. पंप थांबून राहत नसे. असे अठरा सिनेमे मामींनी मध्यंतरापर्यंत पाहिले. शेवट कुणाकडून ऐकायचा नाही, असा त्यांचा हट्ट. कोणी सांगू लागलं तर त्या कानात बोटं घालत. पुढे टीव्ही आला, पण त्यावर हवा तो सिनेमा कुठला लागायला. मामांनी गेल्या काही वर्षांत आठवून आठवून यादी केली, जुन्या सीड्यांच्या दुकानांतून, मुंबईच्या फुटपाथवरून अठराच्या अठरा गोळा केल्या आणि एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या.

“निवृत्त झालो तवाच दाखवायला पायजे होते,” ते म्हणाले. “तेव्हा वाटला, आता काय, येळच येळ हाय. आता तिचे कान हायेत तवर शेवट तिला आयकू आले पायजेत. बाकी काय नाय.”

मी दुकानदार माणूस, चटकन उपाय सुचवतो. म्हटलं, नवा टीव्ही घ्या, सगळं त्यातच असतं. पण शेणव्याला नेटची रेंज मर्जीने येते आणि त्या जुन्या सीड्या नव्या टीव्हीला ओळखू येत नाहीत. म्हटलं, मामींना हेडफोन घ्या. मशीनवर हेडफोन लावला की शिटी वाजते, हे त्यांनी आधीच करून पाहिलेलं. “आनि तिनं एकटीनं कानात घालून बघायचा,” ते म्हणाले, “तर मंग मी शेजारी बसून काय तांदूळ निवडू?”

म्हणून ठरलं ते असं. एक छोटा कंप्युटर, जेवणाच्या डब्याएवढा. सगळ्या सीड्या त्यात उतरवायच्या. तो टीव्हीला जोडायचा, आवाजाला दोन चांगले स्पीकर. दिवाळीनंतर मी निवडून निवडून एक मागवला, तो हाती यायला माघ उजाडला. वीज कमी खाणारा, पंखा नखाएवढा, कंपनीच्या कागदावर लिहिलेलं की आवाज कुजबुजीपेक्षा कमी. मी तो शेणव्याला स्वतः जाऊन बसवला. टीव्हीच्या मागे ठेवून चालू केला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

सिनेमा लावण्याआधी मामांनी जी तयारी केली ती बघण्यासारखी होती. छताचा पंखा बंद. फ्रिजची पिन काढली. खिडक्या लावल्या. घरच्या चार कोंबड्या शेजारच्या सुमनबाईंकडे पोहोचवल्या. शेजारी गालात हसत. त्यांनी त्या खोलीला विशेमामाचं थेटर असं नाव देऊन टाकलं होतं.

सिनेमात नायिका विहिरीवर एकटी उभी राहते असा प्रसंग आला. सगळं शांत. तेवढ्यात मामी म्हणाल्या, “हितं भुंगा कुठं शिरलाय?”

मामांनी सिनेमा थांबवला. स्क्रू ड्रायव्हर आणला, डब्याला टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत तक्रार नव्हती, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नखाएवढा पंखा, पण बारीक आणि सतत. माझ्या कानाला तो कुजबुजीपेक्षा कमी होता. मामींच्या मशीनला तो भुंगा होता.

“पंखा काढूनच टाकला तर?” मामा म्हणाले.

“तापून बंद पडेल.”

“का पन?”

मी सांगितलं, आतली चिप तापते, वारा लागला नाही तर ती स्वतःला वाचवायला मशीन बंद करते. मामांनी डबा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग म्हणाले, “वारा नाय तर अंग वाढवायला पायजे. मोठ्या मोटारीला कशी पाती असतात बाहेरनं, तशी.”

मला हे माहीत होतं. बिनपंख्याचे डबे मिळतात, त्यांना बाहेरून अॅल्युमिनियमची पाती असतात. पण मला जे माहीत असतं ते मला वेळेवर सुचत नाही.

मागवायला वेळ लागला असता आणि मामांकडे वेळच नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी सरळगावमार्गे मुरबाडला गेलो. तिथल्या कारखान्यांचा जुना माल घेणारा एक भंगारवाला त्यांच्या माहितीतला. मामा ढिगाऱ्यात शिरले आणि पात्यांचा एकेक तुकडा उचलून त्यावर बोटाच्या पेराने टकटक करू लागले. अर्धा तास झाला. भंगारवाला वैतागला.

“मामा, भांडी घ्यायला आलाव का?”

“चीर गेलेला कळतो,” मामा म्हणाले आणि पुढचा तुकडा उचलला.

शेवटी एक निवडला. जाड तळाचा, वीतभर रुंद, वर दाट पाती. बाजूला चहाच्या टपरीवर बसून त्यांनी तो जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला. मग म्हणाले, “मास्तर, मी इतकी वर्सं आवाजाची नोकरी केली. आवाज आला म्हनजे पंप जिता हाय, असा हिशेब. आता आवाज मारायला निघालोय. गंमतच हाय ना?” त्यांना खरंच गंमत वाटत होती. डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

आम्ही पंखा काढला, चिपवर पांढरा लेप लावला आणि तो पात्यांचा तुकडा वर घट्ट बसवला. डबा दिसायला पार बेढब झाला. पण मामांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळाने उघडले. “काय नाय,” ते म्हणाले. “अगदी काय नाय.”

पुढचे तीन आठवडे मात्र मी वाया घालवले, आणि ते मला अजून खुपतं. कंप्युटर मुका झाला तर स्पीकर घूं करू लागले. आधी ती घूं अगदीच बारीक असावी, फाल्गुन लागला तशी वाढली. मी म्हटलं, वायर खराब आहे. बदलली. दुसरी आणली, तिसरी आणली. मग म्हटलं, स्पीकरच खराब. प्रत्येक खेपेला मामा मान डोलावत आणि विचारत, “का पन?” आणि मी म्हणे, “मामा, वीस वर्षं हेच करतोय.”

चौथ्या खेपेला मी पोहोचलो तर मामी परसात एका खड्ड्यात बादलीने पाणी ओतत होत्या आणि मामा आत स्पीकरला कान लावून ओरडत होते, “अजून एक! अजून एक!” घराच्या अर्थिंगचा खड्डा होता तो. मीठ आणि कोळसा घालून पुरलेला, पावसाळ्यानंतर कोणी पाणी न घातल्याने ठणठणीत कोरडा. तिसऱ्या बादलीला स्पीकर गप्प झाले. पंपावर उन्हाळ्यात असं पाणी घालायचं काम मामांनीच कितीदा केलेलं. माझ्या वीस वर्षांना मान देऊन ते इतके दिवस बोलले नव्हते, एवढंच. मी त्या दिवशी चहासुद्धा नीट प्यालो नाही.

आता सगळं झालं, असं वाटलं. मामांचा आग्रह, सिनेमा पहिल्यापासून बघायचा. पहिला लावला. सगळे कपाळाचा घाम पुसत बसलो, पंखा बंद होता ना. मध्यंतराची पाटी आली, गेली, आणि दोन मिनिटांत पडदा काळा. कंप्युटर बंद.

मामींनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग हसल्या. “माझ्या नशिबात इंटरवलच हाय. चला, तुमची पाळी असंल.”

त्या हसल्या, पण मामांचा चेहरा मला बघवेना. ते उठून बाहेर पडवीत जाऊन उभे राहिले.

मी कंप्युटर दुकानात आणला, तीन तास चालवला, काही झालं नाही. परत शेणव्याला नेला. मध्यंतराच्या आसपास बंद. पुन्हा दुकानात. आतलं सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्याने भरलं. दुकानात ठणठणीत, शेणव्याला मध्यंतर झालं की बंद. मामांनी लॉगबुक उघडलं. वेळ, खोलीतली गरमी, कोणता सिनेमा, किती मिनिटं. पानं भरली, पण उत्तर सापडेना. स्क्रू ड्रायव्हर लावून बघत आणि हताश होऊन खाली ठेवत.

“मीच त्याला मुका केला, मास्तर,” ते एकदा म्हणाले. “आता दुखतंय कुठं ते सांगंल कसा तो?”

इतकी वर्षं ज्या कानांच्या भरवशावर त्यांनी काढली, ते कान इथे कामाचे नव्हते. दिवस चालले होते. चैत्र संपला. मामी आता मशीन घालूनही “काय बोल्लाव?” असं दोनदा विचारत. मला रात्री झोप नीट येईना.

उत्तर कानाने नव्हे, हाताने सापडलं. एका दुपारी सिनेमा चालू असताना मामा उठले आणि आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा हात कंप्युटरवर ठेवायला गेले. हाताला लागलं सूत. क्रोशाचं विणलेलं, कडेला फुलांची झालर असलेलं, जाड दुहेरी कव्हर. पात्यांना चारी बाजूंनी गच्च लपेटलेलं.

झालं होतं असं की पंखा गेल्यावर आम्ही डबा टीव्हीमागून काढून पुढे टेबलावर मांडला, त्याला मोकळी हवा लागावी म्हणून. त्याच्या तोंडावर एक निळा दिवा. खिडक्या लावल्या की तो नेमका मामींच्या डोळ्यांत जायचा. त्यांनी काय केलं, टीव्हीला, रेडिओला, मिक्सरला विणतात तसं त्याला कव्हर विणलं. सिनेमा सुरू झाला, अंधार झाला, की त्या हळूच ते घालत. बंद पडला, दिवे लागले, की काढून घडी घालून ठेवत, कारण मास्तर यंत्र उघडून बघतील तेव्हा मध्ये यायला नको. आम्हा दोन विद्वानांच्या पाठीमागे हे रोज चाललं होतं.

मामांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला, आणि ते कव्हर एवढं सुंदर झालंय की ते पाहुण्यांना दिसेल अशा जागी हवं, म्हणून सीड्यांच्या पत्र्याच्या पेटीवर घातलं. मी मात्र गाढव. चार दिवसांनी मामींसमोर हसत हसत सगळं बोलून गेलो. मामींचा चेहरा उतरला.

“म्हनजे इतके दिवस मीच बंद पाडीत होते?” त्या मामांना म्हणाल्या. “आनि तुमी बोल्लाव नाय?”

“तू इनलं होतंस ना गो,” मामा म्हणाले. त्यांनी पेटीवरच्या कव्हराची कड सारखी केली.

त्यानंतर कंप्युटर एकदाही बंद पडला नाही. मामींनी फर्मान काढलं की सिनेमे मध्यंतरापासूनच लावायचे. “पहिला अर्धा मला पाठ हाय. आता ह्या मशीनला पन झाला असंल.” पावसाळाभर त्यांचं थेटर चाललं. मी अधूनमधून जाऊन बसत असे. शेवट आला की मामी पडद्याकडे आणि मामा मामींकडे बघत. एखाद्या सिनेमाचा शेवट त्यांना मुळीच पटत नसे. “एवढ्यासाठी मी तीस वर्सं थांबले?” असं म्हणून त्या उठून भात लावायला जात, आणि मामा खूश होऊन लॉगबुकात काहीतरी लिहीत.

अकरा झाले. बाराव्याच्या वेळी मामी पुढे सरकून बसल्या. मग स्पीकरला कान लावून. नवरात्रात एका सकाळी त्यांनी मशीन कानातून काढलं आणि डबीत ठेवलं. परत घातलं नाही.

हे मला कळलं तेव्हा मी शेणव्याला जायचं टाळलं. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती. त्या तीन वायरी, ते पुन्हा पुन्हा पुसून भरणं, त्यात गेलेले आठवडे मी मोजत बसायचो. सात सिनेमे उरले होते आणि त्यांतले निदान तीन-चार तरी माझ्या शहाणपणाने खाल्ले होते. मामांनी एकदाही तसं म्हटलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

दिवाळी झाल्यावर त्यांचाच फोन आला. म्हणाले, सिनेमात खाली अक्षरं येतात ती कशी आणायची. मी म्हटलं, या जुन्या मराठी सिनेमांना मराठी अक्षरं कोणी केलेली नसतात, मामा. “कोनी केली नाय ते कळला,” ते म्हणाले. “करायची कशी, ते इचारतोय.” मी फोनवरच सांगितलं. एक साधी फाइल असते. कोणत्या सेकंदाला सुरू, कोणत्या सेकंदाला बंद, आणि मध्ये ओळ. पलीकडून लॉगबुकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “मंग हा तर आपलाच धंदा झाला.”

त्यानंतर महिनाभराने त्यांच्या मुलीने दोघांना मुरबाडला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मामींना आता हाक ऐकू येत नव्हती आणि शेणव्याचं घर रस्त्याला लागून. निघण्याच्या आदल्या रविवारी दुपारी मी गेलो. खोलीत सामान बांधून ठेवलेलं, पण टीव्ही आणि कंप्युटर अजून जागेवर. बारावा सिनेमा चालू होता. स्पीकरच्या पिना काढलेल्या होत्या, मामासुद्धा काही ऐकत नव्हते. छताचा पंखा मात्र पूर्ण वेगात फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता, आणि एक कोंबडी खुशाल उंबऱ्यावर बसली होती.

मी मागे भिंतीला टेकून बसलो. पडद्यावर पांढरी अक्षरं येत होती. संवाद होतेच, पण मामांनी तेवढ्यावर थांबवलं नव्हतं. ‘लांबून बैलगाडी येते. एक चाक कोरडं आहे.’ ‘बाई रडते, पण आवाज दाबून.’ ‘आता कोणीच बोलत नाही. नुसता वारा.’ मामी ओठ हलवत वाचत होत्या. मामांना या एका सिनेमाला तीन आठवडे लागले होते, एका बोटाने टाइप करत. डोळ्यांतून पाणी येतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं, स्क्रीनकडे बघून बघून.

सिनेमा संपला. समाप्तची पाटी आली, पडदा काळा झाला. मी उठणार, तोच खाली अजून एक ओळ उमटली. ती सिनेमातली नव्हती.

‘कळला का शेवट?’

मामी मोठ्यांदा, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, “कळला! पन तो परत आला तवा ती दाराआड का लपली? जायचा होता ना त्याच्यासंगं?”

मामा उत्तर द्यायला त्यांच्याकडे वळले. तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी कीबोर्ड मांडीवर ओढला, चष्मा वर केला, आणि पहिलं अक्षर शोधू लागले. मामी पडद्याकडे तोंड करून वाट बघत बसल्या.